खोलीत एकटं राहावं लागतं तेव्हा: नामजप सुरू कसा करायचा

अंगावर कांजिण्या आल्या, क्षयाची औषधं नुकतीच सुरू झाली, केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या, नाहीतर कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली. कारण कुठलंही असो, डॉक्टर सांगतात, "काही दिवस वेगळ्या खोलीत राहा." गादी हलते, ताट-वाटी वेगळी होते, दार लोटलं जातं. पहिला दिवस अंगदुखीत आणि झोपेत निघून जातो. जड जाते ती दुसऱ्या दिवसाची दुपार. फोन बघून डोळे चुरचुरतात, झोप येत नाही आणि डोक्यात एकच विचार फिरत राहतो.

अशा वेळी घरातलं कुणीतरी दाराबाहेरून म्हणतं, "देवाचं नाव घे, बरं वाटेल." सल्ला अगदी योग्य आहे. पण ज्यानं आजवर कधी जप केला नाही त्याला नाव घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कुठलं, किती वेळ, आंघोळ न करता चालेल का, यातलं काहीच माहीत नसतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. पुढे सतरंजीपुरा, मोमिनपुरा यांसारख्या वस्त्या बंद झाल्या, आमदार निवासात विलगीकरण कक्ष उघडला आणि कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत एकटे राहिले. त्या काळापासून ओळखीपाळखीतल्या लोकांना मी फोनवर जप सुरू करून देत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: एकांतातला जप मोठ्यानं सुरू करावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पडल्या पडल्या डोळे मिटून मनातल्या मनात नाम घेऊ लागतात आणि थोड्याच वेळात नाम सुटून काळजी सुरू होते. मग फोन येतो, "मन लागूनच नाही राहिलं जी." मनाचा यात दोष नाही. मानस जप ही पुढची पायरी आहे, तिच्यावर थेट उडी मारली की पाय घसरतोच.

सगळ्यात आधी औषधपाणी

जप औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबत आहे. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. ताप, ऑक्सिजन, पाणी किती प्यायलो, या नोंदी डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर त्या आधी. ऑक्सिमीटर जवळ असेल तर ठरलेल्या वेळीच लावा, दर दहा मिनिटांनी बोट त्यात घालून बसू नका. त्या आकड्याकडे सतत बघण्यानं जेवढी धडधड वाढते तेवढी कशानंच वाढत नाही. आकडा ९४ च्या खाली जात असेल, धाप लागत असेल, तर जप बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.

मंत्र एकच घ्या

आजारी माणसाला सगळे जण काही ना काही पाठवतात. मामा महामृत्युंजय पाठवतात, शेजारच्या काकू रामरक्षा, मैत्रीण कुठलंसं तीन तासांचं रेकॉर्डिंग. सगळ्यांचे आभार माना आणि त्यातलं काहीही सुरू करू नका. निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही.

स्वतःला विचारा, लहानपणी ठेच लागल्यावर, परीक्षेचा पेपर हातात घेताना तोंडातून आपोआप काय निघायचं? आजी सांजवात लावताना काय पुटपुटायची? बहुतेकांना उत्तर तिथेच सापडतं. विदर्भातल्या घरांत ते खूपदा "गण गण गणात बोते" असतं. शेगावचे गजानन महाराज १८७८ साली प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या मुखातला हा मंत्र इकडच्या लेकरांच्या कानावर पाळण्यातच पडलेला असतो. कुणाच्या घरी रामटेकच्या गडावरचा राम असतो, त्यांनी "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरांचा मंत्र घ्यावा. नागपुरातल्या टेकडीच्या गणपतीला जाणाऱ्यांनी "ॐ गं गणपतये नमः" म्हणावं. शिवाला मानणाऱ्यांसाठी "ॐ नमः शिवाय" आहे आणि विठ्ठलाच्या घरात नुसतं "रामकृष्णहरी" पुरेसं आहे. देव माझ्या आवडीचा असायला हवा असं काही नाही, तो तुमच्या घरातला असावा.

मंत्र लहान हवा, एका श्वासात आरामात मावणारा. कागद बघून म्हणावा लागतो तो मंत्र आजारपणात कामाचा नाही.

महामृत्युंजयाबद्दल थोडं सांगते, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला मंत्र. पिकलेली काकडी देठापासून जशी अलगद सुटते तसं मला मृत्यूपासून सोडव, अशी त्यात प्रार्थना आहे. फार सुंदर आहे, आणि ज्यांना तो आधीपासून पाठ आहे त्यांनी अवश्य म्हणावा. पण ताप असताना नवशिक्यानं तो शिकायला बसू नये. जोडाक्षरांत जीभ अडखळते, मग "चुकीचा म्हटला तर काही वाईट होईल का" ही भीती बसते. शिवाय "माझ्यासाठी मृत्युंजय म्हणायला सांगितला म्हणजे तब्येत तेवढी बिघडली का" हाही विचार येतो. घरच्यांनी तो देवापुढे बसून म्हणावा. खोलीतल्या माणसानं साधं नाम घ्यावं.

नुसते बीजमंत्र, म्हणजे ह्रीं, क्लीं वगैरे, गुरूंकडून घेतल्याशिवाय सुरू करू नका. नाममंत्राला दीक्षा लागत नाही, चुकलं तर दोष लागत नाही, म्हणून मी तोच धरायला सांगते.

आंघोळ, सोवळं, आसन

तापात आंघोळ नाही जमली तर तोंड-हात धुवा, ओल्या कापडानं अंग पुसा, तेही जमलं नाही तर तसेच बसा. नामाला सोवळं लागत नाही, पलंगावर चालतं, पाळीत चालतं. सुतकात पूजा थांबते, पण नामस्मरण बहुतेक घरांत सुरूच असतं. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. जमिनीवर मांडी घालता आली तर उत्तम, नाहीतर खुर्चीवर पाय खाली टेकवून बसा. पाठ भिंतीला लावली तरी हरकत नाही. झोपून मात्र पहिले काही दिवस शक्यतो म्हणू नका. हाड मोडून पडले असाल आणि उठताच येत नसेल तर गोष्ट वेगळी, मग डोक्याखाली उशी उंच घ्या.

वेळ: नागपूरचा उन्हाळा लक्षात घेऊन

दिवसातून दोन ठरलेल्या वेळा पुरतात. खोलीत दिवसाला आकार उरत नाही, सकाळ कधी संपली आणि दुपार कधी सुरू झाली ते कळत नाही. जपाच्या वेळा त्या दिवसाला खुंटी मारून देतात.

सकाळची वेळ घंटागाडी येण्याच्या आधीची घ्या. एप्रिल-मे असेल तर सहाच्या आत. तेव्हा हवा जरा बरी असते, खिडकी उघडी ठेवता येते. संध्याकाळची वेळ दिवेलागणीची. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास पोचतो तेव्हा भर दुपारी बळजबरीनं जप करू नका. अंगात आधीच ताप, वर खोली तापलेली, अशात डोकं जड होतं. दुपारी पाणी प्या, पडून राहा.

कूलरबद्दल एक सूचना. त्याच्या थेट झोतात तोंड करून म्हटलं की घसा बसतो, म्हणून जरा बाजूला बसा. पण कूलर बंद करायची गरज नाही. ज्यांना आपला आवाज बाहेर जाईल याची लाज वाटते त्यांना त्या घरघरीचा चांगला आडोसा मिळतो. जप सुरू करण्याआधी माठातलं दोन घोट पाणी घ्या.

आवाज

जपाचे आपल्याकडे तीन प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याला ऐकू येतो तो वाचिक. ओठ हलतात, पण आवाज फक्त आपल्याला येतो तो उपांशु. आणि ओठही हलत नाहीत तो मानस. मानस जप श्रेष्ठ मानला जातो हे खरं, पण ते शिखर आहे, आणि खोलीत अडकलेल्या नवशिक्यानं पायथ्यापासून चालावं.

मोठ्यानं म्हणताना जीभ, कान आणि श्वास तिन्ही एकाच कामाला लागतात. काळजीला घुसायला जागा कमी उरते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या खोलीत दिवसदिवस माणसाचा आवाज नसतो. फोनमधला असतो, पण भिंतींना लागून परत येणारा, त्या खोलीतला आवाज नसतो. तो आपलाच असला तरी आधार देतो. आवाज निघाला की माणूस हुंदका देतो असंही पुष्कळदा होतं. येऊ द्या रडू. थांबा, नाक पुसा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा.

मोठ्यानं म्हणजे ओरडून नाही. समोरच्या खुर्चीवर कुणी बसलंय आणि त्याला नीट ऐकू जावं, एवढाच आवाज. गायचं असेल तर एकाच सुरात ठेवा. चाल लावली की काही दिवसांनी लक्ष चालीकडे जातं.

दोन-तीन दिवस असं झालं की बसणीच्या शेवटच्या चतुर्थांशात आवाज खाली आणा, ओठांवरचा करा. आणखी काही दिवसांनी शेवटची दोन मिनिटं मनात. मन भटकलं की लाज न बाळगता पुन्हा आवाजावर या. आवाज, ओठ, मन आणि परत आवाज, हा जिना रोज चढायचा-उतरायचा असतो.

काहींना मात्र मोठ्यानं म्हणायचं नाही. खोकल्याची उबळ येते, थुंकीतून रक्त पडतं, धाप लागते, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, अशांनी उपांशुच करावा, तोही थोडा थोडा. जे वॉर्डात आहेत, शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण आहे, त्यांनीही ओठांवरच ठेवावा. त्याला झोप हवी असते.

आणि हे नीट लक्षात ठेवा: आजार हवेतून पसरणारा असेल तर कुणी ताट ठेवायला, गोळी द्यायला आत आलं की जप थांबवा आणि मास्क लावा. मोठ्यानं बोलताना तोंडातून थेंब जास्त उडतात. ज्या आईनं तुमच्यासाठी वरणभात आणला तिची काळजी तुमच्या नामापेक्षा आधी येते. नंतर खिडकी उघडून हवा खेळू द्या.

श्वास

नाकानं सावकाश श्वास घ्या. सोडताना मंत्र म्हणा, एका श्वासाला एकदा. मंत्र संपल्यावर क्षणभर थांबा, पुढचा श्वास आपणहून येऊ द्या. श्वास घ्यायला चारेक सेकंद, म्हणायला सहाएक सेकंद. घड्याळ लावू नका, अंदाज पुरे. असं केलं की श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो.

हा आकडा मी मनानं सांगत नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे" हा बौद्ध मंत्र म्हणायला सांगितलं. दोन्हींत श्वास मिनिटाला जवळपास सहावर उतरला, आणि रक्तदाब व हृदयाची गती यांचा मेळ सुधारला. माणसं निरोगी होती, म्हणून जपानं आजार बरा होतो असा अर्थ यातून काढू नये. पण "माळ ओढल्यावर जीव शांत होतो" असं म्हणणाऱ्या आज्यांना श्वासाचं गणित न शिकता उमगलं होतं, हे मला यातून दिसतं.

श्वास कोंडून धरू नका. कुंभक वगैरे बरे झाल्यावर, शिकवणाऱ्यासमोर. दम पुरत नसेल तर मंत्राचे दोन तुकडे करा: "श्रीराम जय राम" एका श्वासात, "जय जय राम" दुसऱ्या.

मोजायचं की नाही

या गतीनं १०८ मण्यांच्या एका माळेला साधारण अठरा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी एवढंही नको. पाव माळ, म्हणजे २७ वेळा, चार-साडेचार मिनिटं. ती झेपली की अर्धी.

माळ असेल तर उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्या, अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढा. तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. माळ स्वतःचीच वापरा, आजीची मागवू नका. खोलीतून ती परत जाताना संसर्ग घेऊन जाईल ही धास्ती कशाला?

माळ नसेल तर आपला हात आहे. याला करमाळ म्हणतात. अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा टेकवून सुरुवात करा. मग तिचंच खालचं पेर, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू धरून सोडायची. दहा-दहाचा हिशेब डाव्या हातावर ठेवा. पहिल्यांदा बोटं गोंधळतात, म्हणून जप न करता दोन-चार वेळा नुसता सराव करा. इंजेक्शनची सुई हाताला लावलेली असेल तर दुसऱ्या हातानं केलं तरी चालेल. आणखी सोपं म्हणजे वाटीत हरभऱ्याचे २७ दाणे घ्या आणि एकेक दुसऱ्या वाटीत टाका.

लाखाचा संकल्प करू नका. "बरा झालो तर सव्वा लाख करीन" असं बोलून बसलेली माणसं रात्री जागून आकडा पुरा करताना मी पाहिली आहेत, आणि ती झोपेअभावी आणखी अशक्त झाली. आजारपणात झोप मोडून जप करायचा नाही.

मन पळतं तेव्हा

ते पळणारच. पळालं हे कळलं की पुढचा मंत्र जरा स्पष्ट म्हणायचा, एवढंच. पतंजलींच्या योगसूत्रांत "तज्जपस्तदर्थभावनम्" असं सूत्र आहे, म्हणजे ओंकाराचा जप करावा आणि त्याच्या अर्थाची भावना करावी. नवशिक्यानं त्यातून एवढं घ्यावं की म्हणताना डोळ्यांपुढे काहीतरी असू द्या. गडाच्या पायऱ्या, टेकडीच्या गणपतीचा शेंदूर, घरच्या देव्हाऱ्यातली छोटीशी मूर्ती. तिचा फोटो फोनवर ठेवण्याऐवजी छापून भिंतीला लावा, कारण फोन हातात घेतला की पुढचे मेसेज उघडतातच.

चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येतो. सुरुवातीचा आधार वाटेनासा होतो, शब्द कोरडे वाटतात. पुष्कळ जण इथेच मंत्र बदलतात. बदलू नका. वेळ कमी करा, पाच मिनिटांवर आणा, पण वेळ आणि मंत्र तेच ठेवा. ही कोरड बहुतेकांना लागते आणि ओसरतेही.

रात्री जाग आली आणि छातीत धडधडायला लागलं तर उठून बसा, दिवा लावा, पाय जमिनीला टेकवा आणि अकरा वेळा मोठ्यानं म्हणा. मग पुन्हा आडवे व्हा आणि आता ओठांवर. या वेळी मोजू नका.

दाराबाहेरची माणसं

दिवेलागणीला घरच्यांनी दाराबाहेर बसून सोबत म्हणावं, याच्यासारखं औषध नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र एकत्र म्हणायला जाऊ नका. आवाज मागेपुढे होतो, ताल चुकतो, चिडचिड होते. त्यापेक्षा पाळी लावा: एकदा बाहेरच्यानं म्हणायचं, त्यानं संपवलं की आतल्यानं. लहान मुलं असतील तर त्यांना पुढाकार द्या. "आई, आता तू" असं ओरडणारं पोर दाराच्या पलीकडे असलं की वीस मिनिटं कशी जातात ते कळत नाही. आणि रोज "जप केला का?" असं पोलिसी विचारू नका. आजारी माणसाला आणखी एक परीक्षा नको.

कधी थांबायचं, कुणाला सांगायचं

जप करताना घाबरल्यासारखं होऊ लागलं, मंत्र थांबवायचा म्हटलं तरी डोक्यात थांबेना, आवाज ऐकू येऊ लागले, सलग काही रात्री झोप नाही, जगण्यात राम नाही असं वाटू लागलं, तर "आणखी माळा करा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. फोन करण्यात तुमच्या श्रद्धेला कुठेही कमीपणा येत नाही.

बाहेर आल्यावर

दार उघडल्यावर पहिल्या दिवशी सगळं घर अंगावर येतं. आवाज, पाहुणे, राहिलेली कामं. दोनपैकी एक वेळ सोडली तरी चालेल, पण सकाळची राखा, पाच मिनिटं का होईना.

टेकडीच्या गणपतीला, तेलंगखेडीच्या मारुतीला किंवा शेगावला जाण्याचं मनात धरलं असेल तर डॉक्टरांनी गर्दीत जायला मोकळीक दिल्यावरच जा. संकष्टी, मारुतीचा शनिवार, शेगावचा गुरुवार आणि प्रकट दिन टाळा, मधला एखादा साधा वार बघा. केमो सुरू असेल तर पुढच्या फेरीच्या तारखा आधी तपासा. सोबत कुणाला तरी न्या, पाण्याची बाटली घ्या. गडाच्या पायऱ्या चढायची ताकद आली नसेल तर रामटेक पुढच्या हिवाळ्यावर ठेवा.